कर्नलच्या स्टोरेज कोडमधले मर्ज कॉन्फ्लिक्ट, नवीन आलेल्यांसाठी

लिनक्स कर्नलच्या ब्लॉक लेयरमध्ये (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं सांभाळणारा भाग) नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात की मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी एकाच जागी वेगवेगळे बदल केले आणि गिटला ते जोडता आले नाहीत, तर कुठली बाजू ठेवायची. अहो, बऱ्याचदा कुठलीच जशीच्या तशी ठेवता येत नाही. आधी गिटमध्ये कॉन्फ्लिक्ट स्टाइल, म्हणजे कॉन्फ्लिक्ट दाखवायची पद्धत, झेडडिफ३ करून टाका (गिट २.३५ पासून आहे, त्याच्याआधी डिफ३), म्हणजे मधे मूळ कोडपण दिसतो आणि कोणी नक्की काय बदललं ते कळतं. मग गिट लॉगला मर्जचा ऑप्शन देऊन दोन्हीकडचे कमिट मेसेज वाचा, नुसत्या ओळींकडे बघत बसू नका. आणि हो, रिबेस करताना, म्हणजे आपले पॅच नव्या कोडवर परत बसवताना, अवर्स म्हणजे अपस्ट्रीम (मुख्य कोड) आणि देअर्स म्हणजे तुमचा पॅच, उलटं असतं ते, भलेभले इथे फसतात.

खरा त्रास एरर पाथमध्ये, म्हणजे काही फसलं तर घेतलेलं परत सोडणाऱ्या कोडमध्ये. प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणारं) एकाने टॅग सेट (रिक्वेस्टना नंबर देणारी रचना) घेतला, दुसऱ्याने वर्कक्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग), दोघांनीही खाली आपापलं गोटू लेबल टाकलं, तुम्ही दोन्ही ठेवलं, कंपाइल झालं, झालं म्हणून सोडून दिलं. पण घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने सोडायचं असतं ना, तो क्रम चुकला की लीक नाहीतर फ्री झालेली मेमरी वापरली जाते, आणि तेही फक्त प्रोब मधेच फेल झाल्यावरच दिसणार.

दुसरा प्रकार म्हणजे गिटला कॉन्फ्लिक्ट दिसतच नाही. कर्नल ५.१८ मध्ये (२०२२) बायो_अलॉकला (डिस्कच्या रिक्वेस्टसाठी मेमरी घेणारं फंक्शन) दोनाऐवजी चार आर्ग्युमेंट झाली. जुना कॉल असेल तर कंपायलर ओरडतो, ते बरं. पण घाईत शेवटची दोन, म्हणजे ऑपरेशनचे फ्लॅग आणि जीएफपी (मेमरी कशी घ्यायची त्याचे फ्लॅग), उलटी टाकली तर जीसीसी कंपायलर गप्प बसतो, दोन्ही शेवटी आकडेच. ६.० पासून ऑपरेशनच्या फ्लॅगला वेगळा टाइप आहे त्यामुळे स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं टूल) पकडतो, म्हणून मेकला सी=१ देऊन बिल्ड कराच.

नंतर नल_ब्लॉकवर (खोटी डिस्क दाखवणारा ड्रायव्हर) ब्लॉकटेस्ट्स (ब्लॉक लेयरच्या चाचण्या) चालवा, खरी डिस्क लागत नाही.

मेंटेनर झालात तर एक वेगळंच पथ्य, फक्त कॉन्फ्लिक्ट नको म्हणून लिनस टोरवाल्ड्सचं ट्री (कर्नलचा मुख्य कोड) आपल्यात मर्ज करू नका, त्याला ते आवडत नाही. कॉन्फ्लिक्ट तो स्वतः सोडवतो, पुल रिक्वेस्टमध्ये (माझे बदल घ्या अशी विनंती) कुठे येणार आणि कसा सोडवायचा एवढं लिहा. रिरीरी (rerere, एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवून परत तसाच सोडवणारी गिटची सोय) चालू ठेवलं असेल तर जपून, चुकीचं सोडवलेलंही ते इमानदारीत लक्षात ठेवतं, तेव्हा रिरीरी फर्गेट त्या फाइलवर मारा आणि परत सोडवा.