माशांची नाती मणक्यांत शोधताना
कोणता मासा कोणाचा जवळचा नातलग, हे त्यांची लक्षणं तक्त्यात मांडून ठरवायचं आहे. पैठणला नाथसागराची मासळी येते, तिथून रोहू, शिंगाडा, मरळ आणि चिलापी घ्या. अर्ध्या-पाऊण किलोचे पुरेत. विकणाऱ्याला आधीच बजावा: साफ करू नका, डोकं तोडू नका. कल्ले उपसताना रोहूचे घशातले दात जातात, आणि डोक्यामागे कोयता पडला की जे बघायचं तेच कापलं जातं.

तुलनेला पाचवा हवा, ज्याची शाखा या चौघांच्या आधीच फुटली. गोदावरीतला सुरीच्या पात्यासारखा चपटा नोटोप्टेरस चालतो. त्याच्यातही असलेलं लक्षण बहुधा जुनंच, त्यावर नातं जोडायचं नाही. रोहू, मरळ, चिलापीला खवले आहेत म्हणून शिंगाडा बाजूला काढाल तर फसाल. खवले नोटोप्टेरसलाही आहेत.

आतडी काढण्याआधी वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, अन्ननळीकडे जाणारी बारीक नळी पाहून घ्या. ओढलीत की तुटते. रोहू, शिंगाडा, नोटोप्टेरसमध्ये ती आहे, मरळ-चिलापीत नाही. या दोघांचे पोटाचे परही पुढे, छातीच्या परांखाली सरकलेत. मरळीच्या परांत काटे नाहीत, पण त्यावरून ती चिलापीपासून तोडू नका. असलेलं पुढे हरवतंही. शिंगाड्याच्या पाठीवरचा काटा मात्र चिलापीच्या काट्यांशी जोडू नका: तो दोन अर्धे जुळून टणक झालेला पराचा किरण (पराला आधार देणारी काडी) आहे, चिलापीचे काटे मुळातच एकसंध.

आता खरं काम. रोहूच्या वाताशयाला धक्का न लावता पहिल्या चार मणक्यांलगतचं मांस चिमट्याने सोडवा. दोन्ही बाजूंना सुटी हाडकं दिसतील. सगळ्यांत मोठं ट्रायपस. त्याचं मागचं वाकडं टोक वाताशयाच्या भिंतीत रुतलेलं असतं, आणि पुढची साखळी आतल्या कानापर्यंत जाते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वेबरने 1820 मध्ये वर्णिलेली हीच ती हाडकं. शिंगाड्यातही तीच, फक्त मणके एकमेकांत जुळलेले. मरळ-चिलापीत ती नाहीत. नोटोप्टेरसचं वाताशय कवटीला भिडतं, पण मधे हाडकं नाहीत. म्हणून तक्त्यात ‘ऐकण्याची सोय’ नव्हे, ‘हाडकांची साखळी’ लिहा.

पाणी उकळतं नको, साखळी विस्कटते. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ टूथब्रशने घासा. ब्लीच बारीक हाडकं खातं. हाडक हरवलं तर तक्त्यात 0 (म्हणजे लक्षण नाही) नव्हे, ? (म्हणजे माहीत नाही) लिहा. पुढे डीएनए तपासायचा असेल तर मांसाचा तुकडा गरम पाण्याआधीच 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मलिनमध्ये तो कामातून जातो.