जुन्या पिकअपचा उजेड वाढवायचाय? बल्बाआधी वायरिंग बघा

उसाचा हंगाम सुरू झाला की तासगाव, पलूस, कराड या पट्ट्यात रात्रीची गाडी चालवणं अवघड होतं. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. त्यात आपली पिकअप पंधरा-वीस वर्षांची आणि दिव्यांचा उजेड पिवळा, मिणमिणता. मग कुणीतरी सांगतं, ‘शंभरचे बल्ब टाक’, दुसरा म्हणतो, ‘एलईडी टाक, दिवस होईल.’ दोन्ही सल्ले थोडे बाजूला ठेवा. जुन्या गाडीत बल्ब बहुतेक वेळा धडच असतो. त्याच्यापर्यंत पुरतं व्होल्टेज पोचत नाही, हे खरं दुखणं आहे.

उजेड जातो कुठे

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. बल्बाला साडेतेरा व्होल्ट मिळण्याऐवजी १२ मिळाले तर जवळपास एक तृतीयांश उजेड जातो. ११ वर आले की उजेड निम्मा.

आणि हे व्होल्ट खाल्ले जातात वाटेत. जुन्या गाड्यांत बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूजबॉक्स, डॅशबोर्डचा खटका, स्टिअरिंगखालचा डिपर स्विच असा फिरून पुढे दिव्याकडे येतो. रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा खटका, नसतोच. दोन्ही दिव्यांचा मिळून १० अँपिअर करंट जर पाऊण चौरस एमएमच्या एकाच तारेतून जात असेल, तर पाच मीटर तारेतच सव्वा व्होल्ट गेला. झिजलेले खटके, हिरवट पडलेले जॉइंट आणि गंजलेलं अर्थिंग यांचा हिशोब वेगळाच.

अशा वायरिंगवर १००/९० वॉटचे बल्ब लावले की करंट दीडपटीच्या पुढे जातो, म्हणून घटही तेवढीच वाढते. उजेड थोडाच वाढतो, पण होल्डर वितळतो, डिपर स्विचचे पॉइंट जळतात आणि रिफ्लेक्टरची चांदी उष्णतेने काळवंडते.

आधी मीटर लावा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट डिपरवर (जवळच्या, खालच्या उजेडावर) लावा. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तिथेच १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटरचा बेल्ट, कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर आधी बघा, दिव्यांना हात लावू नका.

आता महत्त्वाची गोष्ट: बल्ब होल्डरमध्येच ठेवायचा. होल्डर काढून मोकळ्या पिनांवर मीटर लावलं तर करंट वाहतच नाही, म्हणून व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि ‘वायरिंग ओके’ असं वाटतं. होल्डरच्या मागून, जिथे तार पिनेत शिरते तिथे मीटरची टोकदार पिन सरकवा. एच-४ होल्डरमध्ये (डिपर-अप्पर एकाच बल्बात, तीन पिना) आडवी पिन डिपरची. उभ्या दोनपैकी एक अप्परची (लांबच्या उजेडाची), एक अर्थिंगची. कुठली कोणती ते मीटरनेच ठरवा, तारेच्या रंगावर जाऊ नका. इतक्या वर्षांत ती किती वेळा बदलली असेल सांगता येत नाही.

दोन मापं घ्यायची:

पहिलं, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी होल्डरच्या डिपर पिनेवर. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेत हरवलेला व्होल्ट.

दुसरं, लाल पिन होल्डरच्या अर्थिंगवर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर. हा अर्थिंगमध्ये हरवलेला.

दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तुमचं वायरिंग चांगलं आहे. तुम्ही सरळ रिफ्लेक्टर आणि काचेकडे वळा. दीड-दोन व्होल्ट निघाले तर पुढचं काम करण्यातच शहाणपण. नुसतं दुसरं माप मोठं असेल तर अर्थिंगचा बोल्ट खोलून, खालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासून, वर व्हॅसलीन लावून पुन्हा कसा. कधी कधी एवढ्यावरही भागतं.

रिले टाकायचं सामान

- १२ व्होल्टचे, ३० अँपिअरचे चार पिनी रिले २, बेससकट
- फ्यूज होल्डर २, १५ अँपिअरचे फ्यूज ४ (दोन जादा)
- अडीच चौरस एमएम तांब्याची मल्टिस्ट्रँड ऑटो वायर, लाल आणि काळी. गाडीचं माप घेऊन, प्रत्येकी चार-पाच मीटर
- सिरॅमिकचे एच-४ होल्डर २
- थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह, कणीदार फ्लेक्सिबल पाइप, रबर ग्रोमेट, केबल टाय
- ६०/५५ वॉटचे चांगल्या कंपनीचे एच-४ बल्ब २

बाजारात तयार रिले हार्नेस मिळतो आणि काम सोपं करतो, पण विकत घेताना तार सोलून बघा. बाहेरचं प्लास्टिक जाड आणि आत केसांएवढे दोन-चार धागे असा प्रकार खूप आहे. धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर तो ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. तो हार्नेस परत द्या.

जोडणी

बॅटरीची मायनस क्लिप आधी काढा. हे टाळून काम करणाऱ्याचा पाना एक दिवस प्लसला लागून बॉडीला टेकतो आणि मग ठिणगी उडते.

रिले बॅटरीच्या जवळ, बोनेटच्या आतल्या कडेला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब बसवा. पिना खाली तोंड करून. पिना वर ठेवल्या तर पावसाचं पाणी बेसमध्ये साठतं आणि एका पावसाळ्यात रिले हिरवा होतो. कुंभार्ली घाटात जुलैत गाडी घालणाऱ्याने हे विशेष बघावं.

एक रिले डिपरचा, एक अप्परचा. पिनांवर नंबर छापलेले असतात:

३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून सरळ अडीचची लाल तार, वाटेत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासून बॉडीला लागली तर तिला अडवणारं काहीच नाही. प्रत्येक रिलेला स्वतंत्र फ्यूज द्या. दोन्ही एकाच फ्यूजवर टाकले आणि तो उडाला तर घाटात एकदम काळोख.

८७ नंबरवरून दोन तारा, एक डाव्या दिव्याला, एक उजव्याला.

८६ नंबरला जुन्या होल्डरमधून येणारी तार. डिपरच्या रिलेला डिपरची, अप्परच्याला अप्परची. एकाच बाजूचा जुना होल्डर वापरायचा. दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवून टेप आणि स्लीव्हने नीट बंद करा, बॉडीला टेकता कामा नये.

८५ नंबर अर्थिंगला.

दिव्यांचं अर्थिंगही नव्या काळ्या अडीचच्या तारेने द्यायचं. दोन्ही बाजूंचं थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेलं तर उत्तम. निम्मे लोक प्लसची तार नवीन टाकतात आणि अर्थिंग पत्र्यावर सोडतात, मग ‘रिले टाकूनही फरक नाही’ म्हणतात.

काही गाड्यांत खटका मायनसच्या बाजूला असतो. ओळख अशी: लाइट बंद ठेवून, बल्ब काढून होल्डरच्या तिन्ही पिना बॉडीशी मोजा. एका पिनेवर कायम १२ व्होल्ट आले तर ती कॉमन प्लस, म्हणजे मायनस-खटक्याची गाडी. तिथे दोन्ही रिलेंच्या ८६ ला ती कॉमन प्लस द्या आणि ८५ ला खटक्याकडून येणारी डिपर किंवा अप्परची तार. बाकी जोडणी तीच.

जॉइंट पिळून टेप मारू नका. थिंबल क्रिम्पिंग पकडीनेच दाबा, वर स्लीव्ह तापवून बसवा. तारा पाइपातून न्या, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट घाला, एक्झॉस्ट आणि फॅनपासून लांब बांधा. बल्बाच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

सगळं झाल्यावर तीच दोन मापं पुन्हा घ्या. प्लसच्या बाजूला ०.३ व्होल्टच्या आत, अर्थिंगला ०.२ च्या आत आलं की काम ठीक. जास्त येत असेल तर एकेक जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावत जा, जो जॉइंट व्होल्ट खातो तो हाताला गरम लागतोच.

आता करंट खटक्यातून न जाता रिलेतून जातो. खटक्यावर फक्त रिलेच्या कॉइलचा भार, तो अर्ध्या अँपिअरच्या आत. डिपर स्विचही जास्त टिकतो.

काच आणि रिफ्लेक्टर

जुन्या सात इंची गोल दिव्यांची काच खरी काच असते, ती पिवळी पडत नाही. आतली धूळ आणि निघालेली चांदी हा तिथला रोग. रिफ्लेक्टरचा मुलामा फार नाजूक असतो, फडक्याने पुसला की ओरखडे पडतात. धूळ कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेने उडवा. चांदी काळी पडली किंवा सोलली असेल तर दिवाच बदला. जत-कवठेमहांकाळकडच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला मागचं रबर बूट बदलून घ्या. ते फाटलं की धूळ आत जाते.

प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर पाण्यासह ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी रबिंग कंपाउंड. टूथपेस्टने चमक येते ती चार दिवसांची. घासून झाल्यावर यूव्ही क्लिअर लॅकरचा हात मारलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात काच पहिल्यासारखी पिवळी.

दिव्याचं तोंड

उजेड वाढला आणि दिव्याचं तोंड वर असेल तर समोरचा आंधळा होतो. समतल जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा बरोबर. बल्बाच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा आणि तिच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली आडवी रेघ ओढा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड उजवीकडे त्या रेघेवर सपाट यायला हवी आणि डावीकडे थोडी वर चढायला हवी. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावी कड माणसं, सायकली, बैलगाड्या दाखवण्यासाठी वर असते. कड उलट, म्हणजे उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा परदेशातल्या उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा आहे, स्क्रूने तो कधीच नीट होणार नाही.

पिकअपमध्ये माल ही खरी अडचण. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दहा सेंटिमीटर दबले आणि दोन चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर असेल, तर गाडीचं नाक साडेतीन टक्क्यांनी वर जातं. रिकामी असताना एक टक्का खाली लावलेला दिवा तेव्हा अडीच टक्के वर बघतो. पन्नास मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा सव्वा मीटर वर, म्हणजे समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्याही वर. म्हणून रात्री जो माल नेहमी असतो तेवढा भरून तोंड लावा. रिकामी गाडी आणताना उजेड थोडा जवळ पडेल, तो सोसा. डॅशबोर्डवर लेव्हलचा खटका असेल तर त्याने काम भागतं. पाटे बसलेले असतील तर आधी त्यांचं काम काढा.

एलईडी आणि जादा दिवे

एच-४ च्या रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते, त्यातून ती कड तयार होते. एलईडी बल्बचे दाणे पट्टीच्या दोन बाजूंना असतात, जागा थोडी हुकते आणि उजेड सगळीकडे उधळतो. गाडीच्या पुढचे वीस मीटर लख्ख दिसतात, डोळा तेवढ्या उजेडाला सरावतो आणि लांबचं जास्त काळं दिसतं. ट्रॉली त्या लांबच्या काळोखातच असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं. एमएच-१० (सांगली) असो, ११ (सातारा) असो की ५० (कराड), दिवे बघितले जातात. मूळ वॉटचा बल्ब, नीट कड आणि चांगलं वायरिंग असेल तर तिथे अडायचं कारण नाही. टपावरच्या एलईडी पट्ट्या रस्त्यावर लावून फिरू नका.

पसरणी घाटात किंवा महाबळेश्वरच्या धुक्यात मात्र नवा अप्परही कामाचा नाही. समोर पांढरी भिंत दिसते. तिथे डिपरच ठेवायचा. फॉग लॅम्प गाडीच्या मॉडेलला कंपनीकडून मिळत असतील तर बंपरच्या खाली, जमिनीकडे झुकवून, वेगळ्या रिले आणि फ्यूजवर लावा. हेडलाइटच्या रिलेवरून जोड काढू नका, १५ चा फ्यूज तेवढा भार सोसत नाही.

काम झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा रात्री अर्धा तास गाडी चालवून होल्डर, फ्यूज होल्डर आणि रिलेचे बेस हाताने तपासा. कोमट चालेल, चटका बसला तर ते थिंबल पुन्हा दाबा. बल्ब बदलायची वेळ आली की जोडीनेच बदला, एक नवा आणि एक जुना असला की उजेड एका बाजूला कमी पडतो.