टाइमशेअर घ्यायचा की सभासदाकडून आठवडा भाड्याने?

साताऱ्या-सांगलीच्या हॉटेलांत जेवणाला बोलावून टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा अनेक वर्षांचा हक्क, विकतात तेव्हा हप्ता सांगतात, एका रात्रीचा खर्च नाही. तो आपणच काढायचा. समजा 4 लाख रुपये, 25 वर्षे, वर्षाला 7 रात्री आणि देखभाल शुल्क 20,000. 4 लाख 7 टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला 28,000 व्याज; ते बुडाले. म्हणजे 48,000 भागिले 7, रात्रीला सुमारे 6,850. जेवण वेगळेच, आणि मुदत संपल्यावर मुद्दलही परत नाही. देखभाल शुल्क दरवर्षी वाढते, गेला नाहीत तरी भरावेच लागते. महाबळेश्वर तर साताऱ्याहून जेमतेम 55 किलोमीटर. तिथे दोन रात्रींसाठी एवढे गुंतवू नये.

त्यापेक्षा सभासदाकडून, म्हणजे ज्याने आधीच टाइमशेअर घेतला आहे त्याच्याकडून, न वापरलेला आठवडा भाड्याने घ्या. मात्र आधी विचारा: कंपनी सभासदत्व भाड्याने देऊ देते का? पुष्कळ करारांत मनाई असते, मग दारातून परत यावे लागते. बुकिंगचे पत्र तुमच्या नावाने हवे. क्रमांक सभासदाकडून न घेता स्वतः शोधून रिसॉर्टला फोन करा, पत्र खरे ठरल्यावरच पैसे द्या.

तरीही विकतच घ्यायचे असेल तर त्या संध्याकाळी सही करू नका. दिवाळी आणि मे तुमच्या रंगाच्या हंगामात (कंपन्या वर्षाच्या हंगामांना रंगांची नावे देतात) येतात का, रद्द करायची मुदत किती दिवसांची, हे करारातच वाचा. तोंडी आश्वासन लिहून घ्या. फसवणूक झालीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही.