स्वस्त आयात वस्तू की जवळचे दुकान: खरेदीपूर्वी निर्णय कसा घ्यावा

परदेशातून थेट मागवता येणारी वस्तू जवळच्या दुकानातील किमतीपेक्षा निम्म्याने स्वस्त दिसली, की बहुतेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. परंतु या दोन किमतींची थेट तुलना करणे चुकीचे आहे. दुकानदाराच्या किमतीत आयात शुल्क, कर, वाहतूक आणि बिघडलेला माल परत घेण्याची जोखीम आधीच धरलेली असते. परदेशी विक्रेत्याच्या किमतीत मात्र यांपैकी बरेच काही नसते आणि हा खर्च पार्सल सीमेवर पोहोचल्यावर समोर येतो.

म्हणून सर्वप्रथम वस्तू घरी येईपर्यंतचा एकूण खर्च काढावा. बहुतेक देशांत आयात शुल्क वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर आकारले जाते आणि पुढचा कर त्या शुल्कासह झालेल्या रकमेवर लागतो. समजा, वस्तू 100 ची, वाहतूक 20, शुल्क 10 टक्के आणि कर 20 टक्के आहे. शुल्क 12 झाले, कर 132 वर लागून 26.40 झाला आणि एकूण खर्च 158.40 वर गेला. यात कुरियर कंपनीचे हाताळणी शुल्क अजून धरलेलेच नाही. शुल्काचा दर वस्तूच्या वर्गीकरण संकेतांकावरून ठरतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेले त्याचे पहिले सहा अंक जवळजवळ सर्वत्र सारखेच असतात, त्यामुळे तो विक्रेत्याला विचारून आपल्या देशाच्या दरपत्रकात पाहता येतो. लहान पार्सलांना पूर्वी मिळणाऱ्या सवलतीवर विसंबून राहू नये. युरोपीय संघाने 22 युरोपर्यंतच्या मालावरील करमाफी 1 जुलै 2021 पासून बंद केली, तर अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांच्या मालासाठी स्थगित केली.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते किमतीपेक्षाही महत्त्वाचा आहे: ही वस्तू सदोष निघाली, तर नेमके काय होईल? घरातील वीजजोडणीला लावायचा चार्जर बाहेरून कितीही नेटका दिसला, तरी त्याच्या आतील उच्च दाबाचा भाग आणि आपला हात लागणारा कमी दाबाचा भाग यांच्यामध्ये पुरेसे अंतर व विद्युतरोधन ठेवले आहे का, हे ग्राहकाला दिसत नाही, आणि निकृष्ट चार्जरमध्ये काटकसर बहुधा तिथेच केलेली असते. वस्तू युरोपीय संघाच्या नियमांनुसार असल्याचे सांगणारी सीई ही खूण पाहून निश्चिंत होणेही बरोबर नाही, कारण बहुसंख्य वस्तूंच्या बाबतीत ती उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते, त्रयस्थ संस्थेने घेतलेल्या चाचणीचा पुरावा नव्हे. लहान मुलांच्या खेळण्यांबाबत तर मुळीच तडजोड करू नये. मुलाने गिळलेली बटणाच्या आकाराची बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर दाह करू शकते, आणि एकाहून अधिक शक्तिशाली लोहचुंबक पोटात गेल्यास ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढून तिथे छिद्र पाडू शकतात. हेल्मेट, ब्रेकचे भाग, धूरसूचक यंत्र, सौंदर्यप्रसाधने आणि औषधे यांनाही हाच नियम लावावा: ज्याला कायद्याने जबाबदार धरता येईल अशा जवळच्या विक्रेत्याकडूनच त्या घ्याव्यात. अर्थात, दुकानातील मालही अनेकदा आयात केलेलाच असतो. म्हणून वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता आहे का, ते पाहावे आणि बिल मागून घ्यावे.

याउलट स्क्रू, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, जुन्या यंत्राचा इथे न मिळणारा भाग किंवा छंदासाठी लागणारी साधी हत्यारे परदेशातून मागवण्यात काहीच गैर नाही. मात्र दुकानदाराकडून सविस्तर माहिती घ्यायची, वस्तू हाताळून पाहायची आणि मग तीच बाहेरून मागवायची, हे मला न्याय्य वाटत नाही. त्याऐवजी आपण काढलेला एकूण खर्च त्याला मोकळेपणाने सांगावा. फरक थोडा असेल, तर तो अनेकदा किंमत कमी करतो किंवा वस्तू मागवून देतो.

रोज वापरायच्या वस्तूची किंमत ती जितकी वर्षे टिकेल तितक्या वर्षांनी भागून पाहावी आणि तिचे सुटे भाग व दुरुस्ती कुठे मिळेल, हेही विचारावे.

तरीही बाहेरून मागवायचे ठरले, तर विद्युत दाब, प्लग आणि मापे आधी जुळवून घ्यावीत. वादाच्या प्रसंगी रक्कम परत मागता येईल अशाच मार्गाने पैसे भरावेत आणि विक्रेत्याशी सर्व संभाषण खरेदीच्या मंचावरच ठेवावे. परतीचा खर्च कोणाकडे आहे, हे वाचून घ्यावे. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू विमानाने पाठवण्यावर कडक निर्बंध असल्यामुळे त्या परत पाठवणे बऱ्याचदा अवघड होते. पार्सल उघडताना चित्रफीत काढावी. विक्रेता आणखी काही दिवस थांबण्याची विनंती करत असला, तरी तक्रारीची मुदत संपण्यापूर्वी दावा नोंदवावा, कारण मुदत उलटून गेल्यावर मंच सहसा तो स्वीकारत नाही.