४० मीटरचा डायपोल घरी बनवताना

हॅम रेडिओत (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओत) स्वतःच्या हाताने काही बनवायचं तर सुरुवात अँटेनापासून करावी. इथे ४० मीटर बँडसाठी उलट्या व्हीच्या आकाराचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांची अँटेना, घेतला आहे, कारण त्याला उंच आधार एकच लागतो. भारतात हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणून अँटेना मधल्या ७.१ मेगाहर्ट्झला जुळवायची. ट्रान्समिट करायला दूरसंचार विभागाचा परवाना आधी हवा.

तारेची एकूण लांबी काढायला १४३ हा ठरलेला आकडा घ्या; त्याला ७.१ ने भागलं की साधारण २०.१ मीटर येतात, म्हणजे एका बाजूला १०.०५. पण तार तेवढी कापू नका. पीव्हीसी आवरणाची वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घ्या आणि दोन्ही बाजू १०.३ मीटर ठेवा. इन्सुलेटरला गुंडाळायला ३० सेंटिमीटर वेगळी. लांब तार कमी करता येते, तोकडी पडली की जोड द्यावा लागतो. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे १० सेंटिमीटरचे तुकडे पुरतात.

खरी मेहनत चोकवर घ्या, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणाऱ्या गुंडाळीवर. तो नसेल तर कोॲक्सची (अँटेनापासून रेडिओपर्यंतच्या केबलची) बाहेरची जाळीसुद्धा अँटेनासारखी वागते: केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा; कमी तितका चांगला) हलतो, बोलताना माइकचा झटका बसतो, घरातला सगळा विजेचा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. एफटी-२४०-४३ या फेराइट रिंगवर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे १२ फेरे घ्या आणि चोक थेट फीड पॉइंटपाशी, म्हणजे केबल तारांना जोडते तिथे, बसवा. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग दिसायला तशीच असते, पण ती लोखंडाच्या भुकटीची. इथे कामाची नाही.

केबलच्या रेडिओकडच्या टोकाला पीएल-२५९ हा कनेक्टर लावताना त्याची बाहेरची रिंग आधी केबलवर सरकवा. हे विसरलं की सोल्डर झाल्यावर सगळं परत उसवावं लागतं. आरजी-५८ बारीक असल्याने रिड्यूसर, म्हणजे कनेक्टरचं भोक लहान करणारा तुकडा, लागतो. आयर्न चांगलं तापवून पटकन डाग द्या. रेंगाळलात तर आतलं प्लास्टिक वितळून मधली तार जाळीला टेकते. शेवटी मल्टिमीटरने पाहा: मधली तार आणि जाळी यांच्यात बीप वाजला तर शॉर्ट आहे. डायपोल जोडलेला असतानाही इथे बीप येता कामा नये.

मधलं टोक ९–१० मीटरवर, खालची टोकं ३ मीटरच्या आसपास, आणि दोन तारांमधला कोन ९० अंशांहून कमी नको. टोकांना व्होल्टेज जास्त असतं, म्हणून ती कुणाच्या हाताला लागू नयेत. जागा निवडताना तार तुटून पडली तरी विजेच्या तारांवर पडणार नाही, एवढं अंतर ठेवाच.

आता छाटणी. नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर मोजणारं छोटं यंत्र) आधी ओपन, शॉर्ट, लोड या त्याच्या तीन टोप्यांनी कॅलिब्रेट करा आणि अँटेना पूर्ण उंचीवर असतानाच मोजा. खाली उतरवून घेतलेला आकडा फसवा असतो. सर्वात कमी एसडब्ल्यूआर ६.९ वर दिसला तर २०० किलोहर्ट्झ वर जायचं आहे. दर १०० किलोहर्ट्झला प्रत्येक बाजूची सुमारे १४ सेंटिमीटर, म्हणजे इथे २८. सरळ कापू नका: २० सेंटिमीटर दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळा, पुन्हा मोजा, मग उरलेलं. दोन्ही बाजू सारख्याच कमी करा. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झच्या आसपासही चालतो, हा वरचा फायदा.

पावसाळ्यात पाणी कोॲक्सच्या उघड्या टोकातून जाळीत उतरतं. मग एसडब्ल्यूआर उलट सगळीकडे छान दिसू लागतो, कारण शक्ती केबलमध्येच जिरते. सिग्नल मात्र क्षीण. म्हणून जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. ढग गडगडू लागण्याआधीच केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा.