उंबऱ्याला अडणारी व्हीलचेअर

आमच्या जुळे सोलापूरच्या घरात मोरीचा उंबरा २ इंचाचा, आईच्या व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं दरवेळी तिथंच आडवी व्हायची, मग असा उतार करून घेतला:

१. उंबऱ्याच्या १ इंच उंचीला १२ इंच लांबी धरा, म्हणजे २ इंचाला २ फूट. गवंडी म्हणतो एका फुटात बसवतो, ऐकू नका, खुर्ची मागं कलंडते.
२. शहाबादी फरशी खरबरीत बाजू वर करून सिमेंटात तिरकी बसवा, खालची कड घासून घ्या नाहीतर तोच नवा उंबरा होतो.

दार उताराकडं उघडत असेल तर आधीच बघा, घासतं. आमचं घासलं, शेवटी दार काढून पडदाच लावला, शिवाय आत जायला दीड इंच रुंदी जास्त मिळाली.