आफ्रिकन स्वाइन फीवर: सीमा कशा ओलांडतो आणि फार्मच्या फाटकावर कसा अडवायचा

१९५७ साली लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांना विमानांतून उतरलेलं उरलंसुरलं अन्न घातलं गेलं आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग पहिल्यांदा आफ्रिकेबाहेर पडला. २००७ मध्ये जॉर्जिया देशातल्या पोती बंदराजवळ तो पुन्हा उगवला. तिथे जहाजांवरचं खरकटं कारण ठरलं असावं, असं तज्ज्ञ मानतात. तिथून तो रशियात गेला, २०१४ मध्ये लिथुआनिया-पोलंडात आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये पोचला.

रानडुकरंही तो पसरवतात, पण त्यांच्यामार्फत रोग वर्षाकाठी साधारण दहा-वीस किलोमीटरच सरकतो. २०१८ मध्ये बेल्जियमच्या रानडुकरांत तो सापडला तेव्हा सगळ्यात जवळचं बाधित क्षेत्र शेकडो किलोमीटर दूर होतं. एवढी उडी माणूसच घडवतो: डब्यातलं मांस, ट्रक, बूट. त्यामुळे फार्मवाल्याची पहिली नजर जंगलाकडे नाही, स्वयंपाकघराच्या बादलीकडे हवी.

विषाणू मांसात चिवट असतो. गोठवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षं टिकतो, खारवून सुकवलेल्या मांसात कित्येक महिने. कामगाराने डब्यात आणलेला सॉसेजचा तुकडा उकिरड्यावर पडला आणि डुकराने हुंगून खाल्ला, एवढंही पुरतं. म्हणून डुकराच्या मांसाचे पदार्थ फाटकाच्या आत येऊच देऊ नका. जेवणाची जागा बाहेर, झाकणाचा कचरापेटारा तिथेच.

खरकटं घालणं पूर्ण बंद करा, हाच आमचा आग्रह आहे. कित्येक देशांत त्यावर कायद्याने बंदीच आहे. जिथे परवानगी आहे तिथे ते सतत ढवळत ९० अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटं शिजलं पाहिजे. चूक दोन ठिकाणी होते. हाडाचा मोठा तुकडा बाहेरून उकळतो, आतून कोमटच राहतो. आणि कच्चं ओतलेली बादलीच शिजलेलं वाढायला वापरली जाते, म्हणजे तासाभराची मेहनत फुकट. दोन वेगळ्या रंगांच्या बादल्या ठेवा.

आता गाड्या आणि बूट. इथे लोक जंतुनाशक औषधावर पैसे खर्च करतात आणि धुण्यात कंजूषी करतात. शेण, माती, चरबी यांच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही. आधी कोरडं खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी निथळू द्या आणि त्यानंतरच औषध मारा. ओल्या पृष्ठभागावर मारलं की ते पातळ होतं. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर लिटरभर पाण्याला ८ ग्रॅम आणि पृष्ठभाग त्या द्रावणाने ३० मिनिटं ओला राहिला पाहिजे. सोडा पाण्यात हळूहळू घाला, पाणी सोड्यावर कधीही ओतू नका. हातमोजे आणि चष्मा लावा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तो चालत नाही, धातू खातो.

ट्रकच्या चाकांच्या वरची पोकळी, मागच्या फळीच्या बिजागऱ्या आणि चालकाच्या पायाखालची मॅट, या तीन जागा तपासल्याशिवाय गाडी आत घेऊ नका. मॅट बहुतेक विसरली जाते, आणि चालक नुकताच दुसऱ्या फार्मवर उतरून आलेला असतो. शक्यतो गाडी कुंपणाबाहेरच उभी करून माल हाताने आत घ्या. फाटकावरच्या बूट बुडवायच्या टबातलं पाणी चिखलाने गढूळ झालं की ते निरुपयोगी असतं, रोज बदला. खात्रीचा उपाय म्हणजे आतले बूट आणि कपडे वेगळे, आणि ते बाहेर जायचेच नाहीत.

नवी डुकरं आणली की ३० दिवस वेगळी ठेवा. लक्षणं साधारण ४ ते १९ दिवसांत दिसतात, त्यामुळे आठवड्याभरात 'ठीक आहेत' म्हणून कळपात सोडणं धोक्याचं आहे. त्यांना चारा-पाणी सगळ्यांत शेवटी द्या. रानडुकरांचा वावर असेल तर दुहेरी कुंपण घाला, मध्ये किमान एक मीटर अंतर ठेवून.

अचानक मृत्यू, ४०.५ अंशांच्या वर ताप, कानांवर-पोटावर जांभळट डाग दिसले तर डुकराचं पोट फाडून बघू नका: रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि जमिनीत मुरतो. पशुवैद्यकाला कळवा आणि नमुना त्यांनाच घेऊ द्या. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांसाठी उपचार नाही. व्हिएतनामने २०२३ मध्ये लशी वापरात आणल्या, तरी बहुतेक देशांत लस उपलब्ध नाही. उरलेली डुकरं घाईने विकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक: त्याच विक्रीतून रोग पुढच्या बाजारात, पुढच्या सीमेपार जातो.

रोगाची शंका येईल त्या दिवशी लागेल ते म्हणजे फाटकावरची वही. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, कोण आलं, याआधी कुठल्या फार्मवर गेलं होतं, काय आत आलं, काय बाहेर गेलं. गेल्या ३० दिवसांची पानं पशुवैद्यकाच्या हाती पडली की कुठली ठिकाणं आधी तपासायची ते तासाभरात ठरतं.